धावपट्टीचे उपगमन क्षेत्र
धावपट्टीवर उतरणारे विमान शेवटच्या टप्प्यात ज्या भागावरून खाली येत जाते, तो जमिनीचा भाग आणि त्यावरील अवकाश यांस मिळून धावपट्टीचे उपगमन क्षेत्र म्हणतात. मोठ्या विमानतळाच्या बाबतीत हे क्षेत्र धावपट्टीच्या टोकापासून सु. १५ किमी. अंतरापर्यंत पसरलेले असते. त्याचा अगदी थोडा भाग विमानतळाच्या कुंपणाच्या आत येतो. उरलेल्या भागात वस्त्या, शेते, रस्ते, कारखाने, विजेच्या तारा व क्वचित टेकड्याही असतात. या क्षेत्रात ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा उंच असे काहीही असू नये, ही विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेची एक मूलभूत अट आहे. हवा स्वच्छ असताना वैमानिक अडथळा डोळ्यांनी पाहून टाळू शकतो. धुके, मुसळधार पाऊस, हिमवृष्टी किंवा धुळीचे वादळ यांमुळे दृश्यमानता घटली, की ही शक्यता कमी कमी होत जाते व अखेरीस नाहीशी होते. मार्ग मोकळा असल्याची खात्री तेव्हा वैमानिकाला स्वतः करून घेता येत नाही. ती जमिनीवरील व्यवस्थेनेच द्यावी लागते. म्हणून दृश्यमानता जितकी कमी, तितके अडथळ्यांविषयीचे नियम अधिक कडक होतात व ‘अडथळा’ या शब्दाची व्याप्तीही वाढत जाते.

ऐतिहासिक : विमान वाहतुकीच्या आरंभीच्या काळात धुके पडले म्हणजे उड्डाणे बंद ठेवीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने धुकेच हटविण्याचा उपाय करून पाहिला. धावपट्टीच्या दोन्ही अंगांस नळ टाकून त्यांतून पेट्रोल जाळीत व त्या उष्णतेने धावपट्टीवरील हवा तात्पुरती निवळे. ‘फिडो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीने सु. २,५०० विमाने सुखरूप उतरविण्यात आली; मात्र तीत इंधनाचा जो प्रचंड व्यय होई, तो शांततेच्या काळात परवडण्याजोगा नव्हता. टिकून राहिला तो रेडिओ तरंगांनी वाट दाखविण्याचा मार्ग. २६ जानेवारी १९३८ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनहून निघालेले एक बोइंग २४७-डी प्रवासी विमान हिमवादळात केवळ उपकरणांच्या आधाराने पिट्सबर्ग येथे उतरले. १० जून १९६५ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ट्रायडंट जातीच्या विमानाने प्रवाशांसह स्वयंचलित रीत्या धावपट्टीस स्पर्श केला. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना स्थापन झाली. या संघटनेने कराराचे १४ वे परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकारले. विमानतळांची रचना व त्यांभोवतालच्या अडथळ्यांवरील मर्यादा यांविषयीची मानके या परिशिष्टात दिलेली असून सदस्य राष्ट्रांचे नियम त्यावरच आधारलेले असतात.

अडथळा मर्यादा पृष्ठे : विमानतळाभोवती काही काल्पनिक पृष्ठे कल्पून त्यांना छेदून वर येणारी प्रत्येक वस्तू अडथळा मानली जाते. यांपैकी उपगमन पृष्ठ हे धावपट्टीच्या उंबरठ्यापासून, म्हणजे उतरण्यास योग्य असा भाग जेथे सुरू होतो त्या रेषेपासून, ६० मी. बाहेरच्या बाजूस सुरू होते. मोठ्या विमानांसाठी असलेल्या व उपकरणांच्या साहाय्याने अचूक अवतरण करता येईल अशा धावपट्टीच्या बाबतीत ते पहिल्या ३,००० मी. अंतरात शेकडा २ या चढाने ६० मी. पर्यंत उंचावते, पुढील ३,६०० मी. अंतरात चढ शेकडा २·५ होतो. त्यानंतर १५० मी. उंचीवर ते क्षैतिज होऊन १५ किमी. पर्यंत जाते. बाहेर जाताना त्याच्या दोन्ही कडा शेकडा १५ या प्रमाणात फाकत जातात. मुंबईतील बांधकाम व्यवसायात ‘फनेल झोन’ हा शब्द रूढ आहे, तो या नरसाळ्यासारख्या आकारावरूनच. धावपट्टीच्या दोन्ही अंगांस वर चढत जाणारी संक्रमण पृष्ठे असतात. त्यापलीकडे विमानतळाच्या पातळीपासून ४५ मी. उंचीवर सु. ४ किमी. त्रिज्येचे आंतर क्षैतिज पृष्ठ असते. त्याच्या परिघापासून शेकडा ५ चढाचे शंक्वाकार पृष्ठ सुरू होते आणि ते आणखी १०० मी. उंच जाते. विमानतळाच्या परिसरात साधारणतः पंधरा मजल्यांहून उंच इमारतीस परवानगी मिळण्यात अडचण येते, तिचे मूळ या ४५ मी. च्या पृष्ठात आहे.

विमानाचा खाली येण्याचा मार्ग सामान्यतः क्षितिजसमांतर पातळीशी ३ अंशांचा कोन करतो. विमान उंबरठ्यावरून सु. १५ मी. उंचीने जावे अशी योजना असते. उंबरठ्यापासून ९६० मी. दूर असताना विमान सु. ६५ मी. उंचीवर असते, तर तेथे उपगमन पृष्ठाची उंची १८ मी. असते. मधले सु. ४७ मी. अंतर पाहता नियम वाजवीपेक्षा सावध वाटण्याचा संभव आहे. परंतु वारा, उपकरणांतील त्रुटी, विमानाच्या चाकांची व पंखांची लोंबती उंची, वैमानिकाने वेळेवर न केलेली दुरुस्ती या सर्वांचे भान ठेवूनच हे अंतर सोडलेले असते. अडथळ्यावर आदळण्याची शक्यता एक कोटी उपगमनांत एकापेक्षा अधिक नसावी, या उद्दिष्टाने गणिती प्रतिमान वापरून अशी गणिते केली जातात.

दृश्यमानतेच्या श्रेणी : धुक्यात उतरताना वैमानिकाने एका विशिष्ट उंचीपर्यंत केवळ उपकरणांच्या आधारे यावयाचे असते. तेथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तरच पुढे जावयाचे, नाही तर विमान पुन्हा वर न्यावयाचे. या उंचीला निर्णय उंची म्हणतात. धावपट्टीच्या मध्यरेषेवरून वैमानिकाला खुणा किंवा दिवे किती अंतरापर्यंत दिसतील, त्या अंतराला धावपट्टी दृश्य पल्ला अशी संज्ञा आहे. पहिल्या श्रेणीत निर्णय उंची ६० मी. पेक्षा व दृश्य पल्ला ५५० मी. पेक्षा कमी चालत नाही. दुसऱ्या श्रेणीत हे आकडे अनुक्रमे ३० मी. व ३०० मी. असे आहेत. तिसऱ्या श्रेणीत निर्णय उंची ३० मी. च्या खाली येते किंवा मुळीच नसते आणि दृश्य पल्ला ५० मी. पर्यंत उतरू शकतो. दृश्य पल्ला मोजण्यासाठी प्रकाशाचा झोत हवेतून किती प्रमाणात पार होतो हे पाहणारी उपकरणे धावपट्टीच्या कडेला आरंभी, मध्ये व अखेरीस बसवितात. बंगलोर येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘दृष्टि’ या नावाचे असे उपकरण विकसित केले असून ते भारतातील अनेक विमानतळांवर वापरात आहे.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ वेळेच्या मापाने अधिक स्पष्ट होतो. ताशी सु. २६० किमी. वेगाने येणारे विमान दर सेकंदाला ७२ मी. अंतर काटते. ६० मी. उंचीवर ते उंबरठ्यापासून सु. ८६० मी. दूर असते, म्हणजे वैमानिकाला सु. १२ सेकंद मिळतात. ३० मी. उंचीवर अंतर केवळ सु. २८५ मी. राहते व हाती सु. ४ सेकंद उरतात. तेवढ्या वेळात धावपट्टी ओळखणे शक्य असते. तीवर किंवा तिच्या कडेला काय उभे आहे ते पाहून टाळणे शक्य नसते.

अडथळामुक्त क्षेत्र : यामुळे दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या धावपट्ट्यांना वर सांगितलेल्या पृष्ठांच्या आत आणखी तीन पृष्ठे लागू केली जातात आणि त्यांनी वेढलेल्या अवकाशास अडथळामुक्त क्षेत्र म्हणतात. पहिल्या श्रेणीसाठीही ते असावे अशी शिफारस आहे. उंबरठ्यापासून ६० मी. वर सुरू होणारे १२० मी. रुंद व ९०० मी. लांब असे आंतर उपगमन पृष्ठ हा त्याचा पहिला भाग होय. सर्वांत मोठ्या विमानांसाठी त्याची रुंदी वाढवावी लागते. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंस एकास तीन अशा तीव्र चढाची आंतर संक्रमण पृष्ठे हा दुसरा भाग. तिसरा भाग अवतरण सोडून देणाऱ्या विमानासाठी असतो. हे पृष्ठ उंबरठ्याच्या पुढे १,८०० मी. वर सुरू होऊन शेकडा ३·३३ या चढाने वर जाते व दोन्ही बाजूंस फाकत जाते.

या तिसऱ्या पृष्ठाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अगदी कमी उंचीवर आल्यानंतर वैमानिकाने विमान वर नेण्याचे ठरविले, तरी एंजिनांनी पूर्ण जोर धरेपर्यंत व विमानाचे नाक वर होईपर्यंत ते आणखी काही मीटर खाली येतेच. कित्येकदा त्याची चाके धावपट्टीला टेकतात व मग ते वर उठते. अशा वेळी ते मध्यरेषेपासून थोडे बाजूला सरकलेले असण्याचा संभव असतो. म्हणून धुक्यात केवळ उंबरठ्यापर्यंतचा मार्ग मोकळा असून भागत नाही. धावपट्टीचा पुढील भाग व तिच्या दोन्ही बाजू विमानाला चुकण्याइतपत जागा देणाऱ्या असाव्या लागतात. सामान्य वाचक उपगमन क्षेत्र म्हणजे धावपट्टीच्या अलीकडचा भाग असे समजतो. कमी दृश्यमानतेच्या दृष्टीने मात्र उपगमन धावपट्टीच्या मध्यापर्यंत व त्यापुढे चालू असते.

अडथळामुक्त क्षेत्रात कोणतीही स्थिर वस्तू असता कामा नये. याला अपवाद विमान चालनासाठी तेथेच असणे अपरिहार्य असलेल्या वस्तूंचा, उदा., उपगमन मार्गावरील दिवे, उतरण्याचा कोन दाखविणाऱ्या प्रेषकाचे काही भाग, वाऱ्याची दिशा दाखविणारा कापडी पिशवीचा खांब इत्यादी. या वस्तू भंगुर आधारांवर बसविणे सक्तीचे असते. विमानाचा धक्का लागताच खांब ठराविक जागी मोडून पडावा व विमानाला कमीत कमी इजा व्हावी, असा त्यामागील हेतू असतो. उपगमन दिव्यांची ओळ उंबरठ्यापासून ९०० मी. पर्यंत बाहेर जाते, म्हणजे जवळजवळ आंतर उपगमन पृष्ठाच्या खालीच तिची मांडणी होते. वैमानिकाला वाट दाखविण्यासाठी ज्या वस्तू अत्यावश्यक, त्याच चुकीच्या क्षणी अडथळा ठरू शकतात.

वरच्या अवकाशाइतकीच खालच्या जमिनीचीही काळजी घ्यावी लागते. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत निर्णय उंची हवेच्या दाबावरून मोजत नाहीत. विमानाच्या पोटाशी बसविलेला रेडिओ उंचीमापक खालच्या जमिनीकडून परत येणाऱ्या तरंगांवरून ती मोजतो. स्वयंचलित अवतरणात विमानाचे नाक केव्हा उचलावयाचे हेही त्याच्या मापावरून ठरते. उंबरठ्याच्या अलीकडे किमान ३०० मी. लांब व मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस ६० मी. रुंद असा भाग शक्य तितका एकसमान उताराचा राखण्याचे कारण हेच. तेथील नाल्याचा खोलगट भाग किंवा मातीचा बांध हा पृष्ठाला छेदत नसला, तरी उंचीमापकाची फसगत करू शकतो. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये नव्या पाचव्या पिढीच्या दूरध्वनी सेवेचे तरंग या उंचीमापकांच्या ४·२ ते ४·४ गिगॅहर्ट्‌झ या कंप्रता पट्ट्याच्या निकटच्या पट्ट्यात सुरू होणार होते. तेव्हा काही विमानतळांच्या सभोवार मनोऱ्यांवर निर्बंध घालावे लागले व कमी दृश्यमानतेतील अवतरणांवर काही काळ मर्यादा आल्या.

न दिसणारे अडथळे : धुक्यातील अवतरणाचा मुख्य आधार म्हणजे आयएलएस या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी उपकरण अवतरण प्रणाली होय. तिचे दोन मुख्य भाग असतात. लोकलायझर हा प्रेषक धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे असतो आणि मध्यरेषेची दिशा दाखवितो. उतरण्याचा कोन दाखविणारा दुसरा प्रेषक उंबरठ्याजवळ धावपट्टीच्या कडेला असतो. त्याचा संदेश समोरच्या जमिनीवरून होणाऱ्या परावर्तनाच्या मदतीनेच तयार होतो. या तरंगांच्या वाटेत धातूची मोठी वस्तू आली, तर ते परावर्तित होऊन संदेश वाकतो. उभे असलेले विमान, मालमोटार, हँगर, बांधकामाची क्रेन, नव्याने बसविलेला धातूचा दर्शनी भाग असलेली इमारत अशा कोणत्याही वस्तूने हे घडू शकते. विमान डोळ्यांना मोकळ्या दिसणाऱ्या आकाशातून जात असते, परंतु त्याला दाखविलेली वाट सरळ नसते. या दृष्टीने प्रेषकांभोवती दोन क्षेत्रे ठरविलेली असतात. संकटपूर्ण क्षेत्रात प्रणाली वापरात असताना कोणतेही वाहन वा विमान येऊ देत नाहीत. त्याहून मोठ्या संवेदनशील क्षेत्रातील वस्तूंवर नियंत्रण ठेवतात. दृश्यमानता कमी असताना ते मोकळे करावे लागते.

३ नोव्हेंबर २०११ रोजी जर्मनीतील म्यूनिक येथे या गोष्टीचे प्रत्यंतर आले. सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ विमान स्वयंचलित पद्धतीने उतरत होते. हवा पुरेशी चांगली असल्यामुळे संवेदनशील क्षेत्राच्या संरक्षणाचे नियम त्या वेळी लागू केलेले नव्हते. त्याच्या पुढे उड्डाण केलेल्या एका लहान जेट विमानामुळे लोकलायझरचा संदेश विचलित झाला. मोठे विमान धावपट्टीवर टेकताच डावीकडे वळून गवतात गेले व नंतर धावपट्टी ओलांडून उजव्या बाजूस बाहेर थांबले. जीवितहानी झाली नाही. अवतरण स्वयंचलित करावयाचे, पण त्यासाठी लागणारे जमिनीवरील संरक्षण मात्र हवा बिघडल्यावरच द्यावयाचे, ही विसंगती या घटनेने उघड केली.

म्हणूनच कमी दृश्यमानतेची कार्यपद्धती लागू झाली, की नियंत्रण मनोरा उतरणाऱ्या दोन विमानांमधील अंतर वाढवितो. आधी उतरलेले विमान संवेदनशील क्षेत्राच्या बाहेर जाईपर्यंत पुढच्या विमानाला परवानगी देत नाहीत. उड्डाण करणाऱ्या विमानाने लोकलायझरवरून पुढे गेलेले असावे व हे येणारे विमान स्पर्शबिंदूपासून साधारणतः ३·७ किमी. वर पोहोचण्यापूर्वी घडावे, असा संकेत आहे. उड्डाणासाठी थांबलेली विमाने मध्यरेषेपासून किमान ९० मी. वर व आवश्यक तेथे त्याहूनही दूर थांबवितात. तेथे धावपट्टीच्या आडवी लाल दिव्यांची ओळ असते. ती विझल्याशिवाय कोणीही पुढे जावयाचे नाही. धुक्याच्या दिवशी उड्डाणांना होणाऱ्या विलंबाचे खापर प्रवासी केवळ धुक्यावर फोडतात. वस्तुतः त्या विलंबाचा मोठा भाग हे न दिसणारे अडथळे दूर ठेवण्यासाठी सोडलेल्या अंतराचा असतो.

चल अडथळे : इमारत एकदा मोजली की तिची उंची बदलत नाही, वाहनांचे तसे नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान दुपारी मुंबईकडे निघाले. ते धावपट्टीच्या अखेरीस जमिनीवरून कसेबसे उचलले गेले आणि धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीवर आदळले. पुढे ते विजेच्या तारांना लागून कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ मृत्युमुखी पडले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचा दोष जसा दाखविण्यात आला, तसाच विमानोड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित न केल्याचाही. ही घटना स्वच्छ हवेतील व उड्डाणाच्या वेळची होती. परंतु धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या रस्त्यावर फाटक व पहारा का असावा, आणि पृष्ठाची उंची मोजताना रस्त्याबरोबर त्यावरून जाणाऱ्या भरलेल्या मालमोटारीची उंचीही का धरावी, हे तिच्यावरून कळते.

धुक्यात खुद्द विमानतळावर फिरणारी विमाने हेच सर्वांत धोक्याचे चल अडथळे ठरतात. ८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक लहान खाजगी जेट विमान चुकून धावपट्टीवर आले व उड्डाणाच्या वेगात असलेले एमडी-८७ प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. ११८ लोक मरण पावले. नियंत्रकांना जमिनीवरील विमाने दाखविणारे रडार त्या वेळी तेथे कार्यरत नव्हते. अशी रडारे व विमानांच्या संदेशांवरून त्यांचे स्थान ठरविणाऱ्या प्रणाली यानंतर अनेक विमानतळांवर सक्तीच्या झाल्या.

भारतातील स्थिती : भारतात दृश्यमानता घटण्याची कारणे प्रदेशपरत्वे वेगळी आहेत. गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन उष्णता गमावून थंड होते व तिच्यालगतची दमट हवा गोठण्याआधीच धुक्यात बदलते [⟶ धुके]. दिल्ली, अमृतसर, लखनौ, जयपूर व कोलकाता येथील विमानतळांवर तिसऱ्या श्रेणीच्या सोयी उभारण्यामागे हे कारण आहे. मुंबईत असे दाट धुके विरळा. तेथे पावसाळ्यातील जोरदार सरी काही मिनिटांत दृश्य पल्ला खाली आणतात. उत्तरेकडे उन्हाळ्यातील धुळीची वादळेही हा परिणाम घडवितात. ३१ मे १९७३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धूळ व पाऊस यांच्या वादळात दिल्लीच्या पालम विमानतळाकडे येत असताना उच्च दाबाच्या विद्युत् तारांवर आदळले. ६५ पैकी ४८ जण मरण पावले. केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम् हे त्यांत होते. विमान ज्या रेडिओ दीपाच्या आधारे येत होते, त्याने केवळ दिशा कळते, उंची कळत नाही. धावपट्टी दिसत नसतानाही विमान किमान उंचीच्या खाली आणले गेले होते. अडथळा मर्यादा पृष्ठांनी मिळणारे संरक्षण किमान उंची पाळली जाईल हे गृहीत धरूनच असते. जमिनीवरील व्यवस्था व वैमानिक यांच्यातील या परस्पर बंधनापैकी एक बाजू ढळली, की दुसरी पुरी पडत नाही.

विमान अधिनियम, १९३४ मध्ये १९७२ साली कलम ९-अ घालून विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून २० किमी. पर्यंतच्या त्रिज्येत इमारती बांधणे व झाडे लावणे यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देण्यात आला. त्यामुळे ज्यांचे नुकसान होईल त्यांना भरपाईची तरतूदही आहे. मर्यादेचा भंग करणारी बांधकामे व झाडे हटविण्याविषयीचे नियम १९९४ मध्ये व उंचीच्या निर्बंधांविषयीचे सविस्तर नियम २०१५ मध्ये झाले. १९३४ च्या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. मोठ्या विमानतळांभोवतीच्या प्रदेशाचे रंगीत नकाशे तयार केलेले असून कोणत्या चौकोनात किती उंचीपर्यंत स्थानिक प्राधिकरणाने परवानगी द्यावी व कोठे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, हे त्यांवरून कळते. उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. जमिनीपासून मोजलेल्या उंचीशी तिची गल्लत झाल्याने पुष्कळ तंटे उद्‌भवतात.

मुंबईच्या सांताक्रूझ येथील विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात व चारही टोकांना दाट वस्ती किंवा नैसर्गिक उंचवटे आहेत. मुख्य धावपट्टीच्या पूर्वेकडील उपगमन मार्ग घाटकोपर-कुर्ला भागावरून, तर पश्चिमेकडील समुद्रावरून येऊन विलेपार्ले-सांताक्रूझ भागावरून जातो. दुसऱ्या धावपट्टीच्या आग्नेय टोकापासून सु. ८ किमी. वर ट्रॉम्बेची टेकडी आहे. या परिसरातील मर्यादा ओलांडणाऱ्या इमारतींचा प्रश्न अनेक वर्षे मुंबई उच्च न्यायालयापुढे होता. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरील भाग पाडण्याच्या आदेशांची अंमलबजावणी करण्यास उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना सांगितले. अशा प्रकरणी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांची बाजू क्षुल्लक नसते. परवानगी देणाऱ्याची, बांधणाऱ्याची व तपासणाऱ्याची चूक बहुधा घर विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येते. पाया घालण्यापूर्वी एका नकाशाने जे टळले असते, ते नंतर हातोड्यानेही सहज दुरुस्त होत नाही. नवी मुंबई येथील विमानतळाच्या बाबतीत हे काम आधी करण्यात आले. तेथे उलवे येथील सु. ९० मी. उंचीची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि धावपट्टीच्या मार्गातील उच्च दाबाच्या विद्युत् वाहिन्या हलविण्यात आल्या. या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

अडथळा न हटविल्यास : अडथळा काढणे शक्य नसेल तेव्हा त्याची किंमत धावपट्टीला मोजावी लागते. पहिला उपाय म्हणजे निर्णय उंची वाढविणे. स्वच्छ हवेत याने काही बिघडत नाही, पण धुक्याच्या दिवशी विमानांना अन्यत्र वळवावे लागते. म्हणजे ज्या दिवसांसाठी महागडी उपकरणे बसविली, त्याच दिवशी ती निरुपयोगी ठरतात. दुसरा उपाय म्हणजे उंबरठा आत सरकविणे. दिल्लीच्या २००८ मध्ये सुरू झालेल्या ४,४३० मी. लांबीच्या धावपट्टीच्या पूर्व टोकाकडे राष्ट्रीय महामार्गालगत शंकराची भव्य मूर्ती आहे. तिच्यामुळे त्या बाजूचा उंबरठा सु. दीड किमी. आत घ्यावा लागला व उतरण्यास सु. ३ किमी. लांबी उपलब्ध झाली. हाँगकाँगच्या काय टाक विमानतळापुढे डोंगराचाच प्रश्न होता. तेथे १९७४ पासून उपकरणे विमानाला धावपट्टीच्या रेषेत न आणता लाल-पांढऱ्या चौकटी रंगविलेल्या एका टेकडीच्या रोखाने आणीत. तेथून वैमानिकाला डोळ्यांनी पाहून सु. ४७ अंशांचे वळण घेत उतरावे लागे. यामुळे दाट धुक्यातील अवतरण त्या बाजूने शक्यच नव्हते. १९९८ मध्ये तो विमानतळ बंद करून बेटावरील नव्या जागी नेण्यात आला.

अडथळ्यावर लाल दिवे लावणे किंवा त्याला लाल-पांढरे पट्टे देणे हा उपाय लोकप्रिय आहे. रात्री व साधारण हवेत त्याचा उपयोग निर्विवाद आहे. धुक्यात मात्र दिवा दिसेल तेव्हा तो टाळण्यास वेळ उरलेला नसतो. म्हणून कमी दृश्यमानतेच्या कार्यासाठी दिवे लावणे हा अडथळा हटविण्यास पर्याय मानता येत नाही.

देखरेख : उपगमन क्षेत्राचे सर्वेक्षण ठराविक मुदतीने पुन्हा करावे लागते, कारण झाडे वाढतात व शहरेही. निलगिरीसारखे वेगाने वाढणारे झाड काही वर्षांत मंजूर मर्यादा ओलांडू शकते. पूर्वी थिओडोलाइटने केली जाणारी ही मोजणी आता उपग्रह स्थाननिश्चिती व विमानातून केलेले लेसर क्रमवीक्षण यांनी करतात. प्रत्येक अडथळ्याचे अक्षांश, रेखांश व उंची जागतिक संदर्भ प्रणालीत नोंदवून ती माहिती अंकीय स्वरूपात ठेवतात. सर्वांत कठीण काम तात्पुरत्या अडथळ्यांवर लक्ष ठेवण्याचे असते. इमारतीची मंजूर उंची मर्यादेत असूनही तिच्या बांधकामाची क्रेन कित्येक मीटर अधिक उंच असते व ती एका रात्रीत उभी राहते. अशा क्रेनसाठी वेगळी परवानगी लागते. ती उभी असेतोवर वैमानिकांना नोटॅम या सूचनापत्रकाद्वारे कळवितात. आवश्यक असल्यास दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीची अवतरणे स्थगित करतात, किंवा धुके अपेक्षित असेल त्या रात्री क्रेनचा दांडा खाली ठेवण्याची अट घालतात.

उपग्रहांवर आधारलेल्या प्रणालींमुळे यांतील काही बंधने सैल होण्याची शक्यता आहे. भारताच्या ‘गगन’ प्रणालीच्या साहाय्याने २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे एटीआर-७२ विमान प्रायोगिक रीत्या उतरविण्यात आले. अशा प्रणालीत जमिनीवर लोकलायझर नसल्यामुळे त्याचे संवेदनशील क्षेत्र राखावे लागत नाही. मात्र अडथळा मर्यादा पृष्ठे विमानाच्या हालचालीवर अवलंबून असतात, संदेश कोठून येतो यावर नव्हे. त्यामुळे धावपट्टीच्या टोकापलीकडील इमारती, झाडे व तारा यांवरील निर्बंध पूर्वीसारखेच लागू राहतात.